खवल्या मांजराची जागा

आमच्या शाळेत नाव नसलेली वस्तू सापडणं कठीण होतं. पंख्याच्या पात्यांवर नावं, घड्याळाच्या तबकडीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर दिग्रसच्या एका कापूस व्यापाऱ्यानं आपल्या स्वर्गवासी आईचं नाव घातलं होतं, आणि दर पंधरा ऑगस्टला तो ते दार नीट आहे ना, हे बघून जायचा. आमची मुलं मुळाक्षरांच्या आधी 'सप्रेम भेट' वाचायला शिकतात, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायची. बाकीचे हसायचे. आडे सर हसायचे नाहीत, कारण ती सगळी नावं त्यांनीच रंगवलेली होती.

विषय विज्ञान, पण हात रंगाऱ्याचा. शर्टाच्या बाहीवर लाल ऑइलपेंटचा एखादा तरी ठिपका असायचाच. तास नसला की टिनाच्या पट्टीवर वाकून बसलेले. 'सप्रेम'मधला 'प्र' काढताना जीभ दातांत धरायचे आणि श्वास रोखायचे. त्या वेळी मुख्याध्यापकांनी हाक मारली तरी उत्तर मिळत नसे. मी एकदा चिडवलं, "सर, माणसापेक्षा नाव मोठं काढता तुम्ही." त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"मॅडम, तुमच्या वावराच्या सातबाऱ्यावर तुमच्या खापरपणजोबाचं नाव असन. असन ना? आमच्या मान्सांनी बैलाच्या पाठीवर अर्ध्या मुलखाचं मीठ वाह्यलं. गावोगाव पोचवलं. कुठं एका गोट्यावर तरी नाव हाय का आमचं? नाई. म्हनून काढून राह्यलो. काढू द्या."

माझं माहेर महागाव तालुक्यातलं, शेती-वाडीचं. सातबाऱ्यावर नाव होतंच. त्यानंतर मी त्या विषयावर त्यांना छेडलं नाही.

सर वरच्या बंजारा तांड्यातले. शाळेच्या मागच्या टेकाडावर, पळसाच्या पलीकडं तो तांडा दिसतो. तांड्यातून बी.एस्सी. झालेले ते पहिले, शिक्षक झालेलेही पहिले. त्याचं तांड्याला इतकं कौतुक की नोकरी लागल्या दिवसापासून लहानथोर सगळे त्यांना 'सर' म्हणू लागले. त्यांची म्हातारी याडी, म्हणजे सख्खी आई, तीसुद्धा. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडली, "सर, भाकर खाल्ली का?" मला हसू आवरेना. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "खाल्ली याडी." आपली आई आपल्याला सर म्हणते यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं, आणि थोडं सुखही होत असावं. हा त्यांचा दोष मी आधीच सांगून टाकते. मान मिळाला की तो माणूस पाघळायचा.

शिकवण्यात मात्र तोड नव्हती. सरांचं वेड एकच, प्राण्यांच्या अंगावरची कवचं. कासवाची पाठ, खेकड्याची ढाल, गोगलगायीचा शंख, माशाचे खवले. पुस्तकात त्यावर जेमतेम एक परिच्छेद होता, सर त्यावर अख्खा महिना काढायचे. मग अभ्यासक्रम मागं पडायचा आणि माझे मराठीचे तास उसने मागायला यायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कवच पाहिलं की पोट शोधा." म्हणजे जे अंग झाकलंय त्यावरून न झाकलेलं कुठं आहे ते ओळखा, कारण प्राण्याची सगळी धडपड त्या मऊ जागेसाठी असते. हे वाक्य ते माणसांनाही लावायचे. नवे शिक्षणाधिकारी तपासणीला येऊन सगळ्यांवर गुरकावून गेले, तर सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कवच लय जाड हाय मॅडम, पन पोट सापडलं मले. बायकोचा फोन आला तं उभा राहून बोलला."

जीव लावण्यात पण तसेच. एका रविवारी नाल्याच्या काठी पोरांनी एक कासव उलटं करून ठेवलं आणि त्याचे पाय हवेत हलताना बघत बसली. सोमवारी वर्गात कुणीतरी ते हसत हसत सांगितलं. सरांनी खडू टेबलावर ठेवला आणि तास सोडून, उन्हात, त्या पोरांना घेऊन नाल्यापर्यंत चालत गेले. कासव तिथंच होतं, अजून हलत होतं. सरांनी ते सरळ केलं, पाण्यात सोडलं, आणि मग प्रत्येक पोराला वाळूत उताणं झोपवून म्हणाले, "आता हात न टेकवता उठा." पालकांच्या तक्रारी आल्या. मुख्याध्यापकांनी समज दिली. सर म्हणाले, "मले समज दिली ते ठीक हाय साहेब, त्या पोरायले मी दिलेली समज जास्त दिवस टिकन."

हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. पुढं जे झालं ते मुक्या जिवांची पर्वा नसलेल्या माणसाच्या हातून झालं असतं तर मी त्याच्यावर कशाला लिहीत बसले असते!

त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट उभं केलं होतं. कपाट एका जिनिंग मिलच्या मालकाकडून मिळवलेलं, तेव्हा सगळ्यात मोठं नाव त्याचं. आत कप्प्याकप्प्यांत कवचं. तळ्याकाठी मिळालेली कासवाची रिकामी पाठ, खेकडे, शंख, गेंड्यासारखं शिंग असलेला काळा भुंगा, सापाची कात, धरणावरच्या कोळ्यानं दिलेले मोठाल्या माशाचे खवले. आणि प्रत्येक वस्तूखाली टिनाची छोटी पाटी. वस्तूचं नाव, खाली 'सप्रेम भेट', त्याखाली ज्यानं आणलं त्याचं नाव, बापाच्या नावासकट.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गावकरी आधी त्या कपाटाकडं जायचे. नातवानं गोगलगायीचा शंख आणलेला, पण आजोबा धोतराचा सोगा सावरत अशा थाटात यायचे की देवळाला कळस चढवलाय. वाचता न येणाऱ्याचं बोट सर स्वतः धरायचे आणि काचेवरून त्याच्या नावावर फिरवायचे. "हे पाहा, हे तुम्ही." त्या वेळी सरांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. कुणाचं आधी, कुणाचं मोठं, यावरून पालकांत धुसफूसही चालायची. एकाची विंचवाची नांगी नाकारली म्हणून त्यानं वर्षभर सरांना रामराम केला नाही.

कपाटाच्या मधोमध, नजरेच्या उंचीवर, एक कप्पा रिकामा होता. पाटी मात्र तयार होती. 'खवल्या मांजर', खाली 'सप्रेम भेट', आणि त्याखाली जागा कोरी.

खवल्या मांजर आमच्याकडच्या रानात आहे, पण दिसलेला माणूस विरळा. सरांनी स्वतः एकदाच पाहिलं होतं, लहानपणी, वडिलांबरोबर बैल शोधताना. तो प्राणी शिकवताना ते कपड्यांची पर्वा करत नसत. शाळेच्या पडवीवरची जुनी कवेलू, म्हणजे कौलं, आणून एकावर एक मांडायचे, "असे खवले असतात, पाहा, कवेलूवाणी. पाऊस आला तं पानी खाली जाते, दात आला तं दात घसरते." मग स्वतः फरशीवर बसून, डोकं गुडघ्यांत घालून, हातांनी पाय कवटाळून गोळा व्हायचे आणि आतून ओरडायचे, "आता मी बिबट्याले सापडत नाई! उघडून दाखवा!" पोरं अंगावर पडायची, ओढायची. एकदा पँट मागून उसवली. शिपायाची लुंगी गुंडाळून सरांनी उरलेला तास घेतला. तास संपताना ते गोळ्यातून बाहेर यायचे, धूळ झटकायचे आणि सांगायचे, "बिबट्याले हा गोळा उघडता येत नाई. मान्साले उघडायची गरज नाई. तो गोळाच उचलून नेते. म्हनून हा प्रानी संपून राह्यला."

आणि हे सांगून झाल्यावर तोच माणूस त्या रिकाम्या कप्प्यासमोर पोरांना उभं करून विचारायचा, "ही जागा कोनाच्या नशिबात हाय, पाहू!" रानात गळून पडलेला एखादा खवला कुणाला सापडेल, गुराख्याला वाटेत मिळेल, असं त्यांच्या मनात होतं. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण कोरी पाटी तसं काही सांगत नव्हती. ती नुसती वाट बघत होती, आणि अख्ख्या तांड्याला ते दिसत होतं.

परसराम एका दुपारी मधल्या सुट्टीत आला. वरच्या तांड्यातलाच, सरांच्या मावस नात्यातला, वयानं धाकटा. थोडी शेती, आणि बाकी दिवस दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याची मुलगी काजल आमच्याकडं नववीत होती. गणितात कच्ची म्हणून सर तिला सुट्टीच्या दिवशीही शिकवायचे, त्याची परसरामला फार जाण होती. तांड्यात तो सरांना 'भिया', म्हणजे भाऊ म्हणायचा, शाळेच्या फाटकाच्या आत मात्र 'सर'. त्यानं खताची रिकामी थैली स्टाफरूमच्या टेबलावर ठेवली आणि तोंड उघडलं.

आत खवले होते. तपकिरी, कडेला पिवळट, माझ्या तळव्याच्या निम्म्या आकाराचे, पुष्कळ. धुऊन स्वच्छ केलेले. त्यांना कपड्याच्या पावडरीचा वास येत होता. आम्ही सगळे जागचे उठून जवळ आलो. सरांनी हात घालून मूठभर बाहेर काढले.

"मेलेलं सापडलं ना रे?" सरांनी विचारलं. डोळे खवल्यांवर.

परसरामनं सरांच्या तोंडाकडं पाहिलं. मग लाजल्यासारखं हसून म्हणाला, "आता तं मेलेलंच हाय ना, सर."

सगळे हसले. मीही हसले असेन. सरही हसले, आणि एक खवला खिडकीच्या उजेडात धरून त्यावरच्या रेषा दाखवू लागले. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

त्याच संध्याकाळी पाटी पुरी झाली. 'श्री. परसराम हिरामण राठोड, वरचा तांडा.' सरांनी मातीचं एक लांबट मडकं आणून त्यावर ते खवले एकावर एक चिकटवले, कवेलूवाणी. खरंच सुंदर झालं होतं. सव्वीस जानेवारीला परसराम सगळं घर घेऊन आला. नवा शर्ट, बायकोच्या अंगावर काचा जडवलेला जुना घागरा, फेटिया. सरांनी त्याचं बोट धरायला हात पुढं केला, तर तो म्हणाला, "वाचता येते ना मले, सर." आणि तरीही बोट धरू दिलं.

पुढच्या वर्षी, काजल दहावीत असताना, सरांनी ते कपाट यवतमाळच्या विज्ञान प्रदर्शनात न्यायचं ठरवलं. 'निसर्गाची चिलखतं' असं फलकावर रंगवलं. माहिती सांगायला काजल. सरांनी तिला सगळं घोटून घेतलं होतं, खवले नखाच्याच पदार्थाचे असतात, दात नसतात, जीभ किती लांब, वारूळ कसं फोडतं. मुलींसोबत शिक्षिका हवी म्हणून मी गेले होते. आमच्या पलीकडच्या स्टॉलवर वनखात्यानं जंगलात वणवा कसा पसरतो याचं मॉडेल मांडलं होतं. तिथली एक तरुण वनरक्षक बाई, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, गर्दी कमी झाल्यावर आमच्याकडं आली. काजलनं तिला सगळं धडाधड म्हणून दाखवलं. बाई कौतुकानं ऐकत होती. तिनं काजलच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान सांगितलंस गं. हे तुम्हाला मिळालं कुठून?"

हा प्रश्न घोटून घेतलेला नव्हता. काजलनं तो त्याच सुरात, त्याच उत्साहात सोडवला. "माह्या बाबानं आनलं. तुरीच्या वावरात धुऱ्यावर गोळा होऊन पडलं होतं. बाबानं उचललं तं हललंच नाई. मंग उकळत्या पान्यात टाकलं. तसं केलं का खवले सुटे होते."

त्या बाईचा हात काजलच्या खांद्यावरच राहिला. आवाज मात्र बदलला. "बाबांचं नाव काय?"

काजलनं अभिमानानं पाटीवर बोट ठेवलं.

सर शेजारीच होते, काच पुसायचं फडकं हातात घेऊन. उकळत्या पाण्याचं त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. पोरांना वाळूत उताणं झोपवणारा माणूस. ते बोलले, पण फार घाईनं. "मॅडम, मले काही कल्पना नव्हती."

काजलनं बोट पाटीवरून काढलं आणि सरांकडं बघितलं. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण सर घाबरलेत हे कळलं.

मग काय व्हायचं ते झालं. खवले जप्त, कासवाची पाठही जप्त. संध्याकाळपर्यंत परसरामला शेतातून उचलून आणलं. मी काजलला घेऊन वनखात्याच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. तिच्या बापाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"सरचा काही संबंध नाई साहेब. त्यायनं इचारलं होतं, मेलेलं सापडलं का म्हनून. म्याच खोटं सांगतलं. मेलेलंच सापडलं म्हनलं."

साहेबांनी सरांना विचारलं, "असंच झालं ना?"

त्या दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही सगळे होतो. परसरामनं तसं म्हटलं नव्हतं, हे सरांना ठाऊक होतं. त्यानं काहीच लपवलं नव्हतं. विचारलं असतं तर बिचाऱ्यानं पाण्याच्या पातेल्यासकट सगळं सांगितलं असतं. सरांनी एवढंच म्हणायला हवं होतं की जागा मी कोरी सोडली होती, मी मागितलं, यानं दिलं. त्यानं परसराम सुटला नसता. पण मास्तराला फसवणारा खोटारडा अशी त्याची नोंद झाली नसती, आणि तो एकटा उभा राहिला नसता.

सर म्हणाले, "हो."

काजल बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

परसराम काही दिवस आत राहून जामिनावर सुटला. ट्रॅक्टरच्या मालकानं त्याला परत ठेवलं नाही. तारखा सुरू झाल्या, त्या अजून सुरू आहेत. शाळेनं लेखी कळवलं की शाळेला काही माहिती नव्हती. आम्हाला कुणी विचारायला आलं नाही, आणि आम्हीही कुणी आपणहून गेलो नाही. काजलचं नाव आमच्या शाळेतून काढलं आणि तिला पुसदला मावशीकडं ठेवलं. दाखला द्यायची वेळ आली तेव्हा सर रजेवर होते.

त्यानंतरचे आडे सर मला बघवत नसत. ब्रश त्यांनी सोडलाच. ग्रामपंचायतीनं नवे पंखे दिले, ते तसेच, बिननावाचे लागले. कपाटाला कुलूप घातलं. वर्गात कवचांचा धडा आला की "वाचून घ्या" म्हणून पुढं जायचे. एका पोरानं विचारलं, "सर, मंग पोट कुठं असते?" तर त्याच्या अंगावर धावून गेले. त्या आधी मी त्यांना कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. रक्तदाबाचं कारण सांगून त्यांनी दिग्रसला खोली घेतली. खरं कारण सरळ होतं. तांड्यावर जायच्या रस्त्यात परसरामचं घर लागायचं, आणि तो अंगणातून उठून हात जोडायचा. "राम राम भिया." पहिल्यासारखाच. शिव्या घातल्या असत्या तर सर तिथं राहू शकले असते.

माझ्यापाशी मात्र ते बोलायचे. बसस्टँडवर गाठ पडली की बाजूला घेऊन, इकडं तिकडं बघत.

"मॅडम, मी एक दिवस जाऊन सांगनार हाय."

"काय सांगणार?"

"का पाटी कोरी सोडनं म्हंजे मागनंच होय. मले ते तेव्हाच कळत होतं. मेलेलं सापडलं का म्हनून इचारलं, ते त्याच्यासाठी नोतं इचारलं. माह्यासाठी इचारलं."

इतकं स्वच्छ त्यांना दिसत होतं. मी म्हणायची, "मग जा की. कोर्टात जा, सांगा."

"जातो. रिटायरमेंटचं निपटू द्या एवढं."

रिटायरमेंट झाली. नारळ, शाल, भाषणं झाली. पेन्शन सुरू झाली. मग म्हणू लागले, पोराच्या लग्नाचं निपटू द्या. मला त्यांचा इतका राग यायचा की मी पुढं पुढं बसस्टँडवर त्यांना टाळायला लागले. राग तरी त्यांचाच होता की काय, कोण जाणे. माणसाला सगळं कळत असूनही त्याचे पाय उचलत नाहीत, हे इतक्या जवळून बघणं फार लाजिरवाणं असतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते तीजेच्या दिवशी. माझी वणीला बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं. काजल सणाला तांड्यावर आली होती आणि तिनं मला मुद्दाम बोलावलं होतं. श्रावणात तांड्यातल्या लग्नाळू मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, आणि शेवटच्या दिवशी त्या कोवळ्या कोंबांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन गात गात पाण्यावर जातात. दुपारची वेळ होती. मुली नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात जमल्या होत्या, ओट्यावर पुरुष बसले होते. नायक म्हातारा, फेटा बांधलेला. त्याच्या शेजारी परसराम.

सर फाटकातून आत आले. पांढरा शर्ट, हातात काही नाही. गाणं जरा मंदावलं. कुणीतरी म्हणालं, "आव भिया, बेस," आणि ओट्यावर जागा झाली. सर बसले नाहीत. अंगणाच्या मध्ये उभे राहिले. आवाज वर्गात असायचा तसा मोठा होता, फक्त फाटत होता.

"मले बोलाचं हाय. सगळ्यायसमोर. परसरामनं मले खोटं सांगतलं नोतं. मेलेलं सापडलं असं तो म्हनलाच नाई. मीच मागतलं होतं. त्यानं माह्यासाठी आनलं, अन् मी साहेबासमोर..."

पुढं बोलवेना. मुली गायच्या थांबल्या. शेवटी एकदाचा बोलला, असं मला वाटलं.

नायकानं हातातली तंबाखू तोंडात टाकली आणि अगदी मायेनं म्हणाला, "माईत हाय ना, सर. तो सुटून आला त्या दिवशीपासून आमाले माईत हाय. परस्यानं घरी येऊन सांगतलं होतं. आमीच त्याले म्हनलं, हेच सांगत राह्यजो. एकच तं सर हाय आपल्या तांड्यात."

सर परसरामकडं वळून म्हणाले, "मी कोर्टात सांगतो. पुढच्या तारखेले येतो मी. सगळं सांगतो."

आता सगळ्यांचं लक्ष परसरामकडं. तो पटकन उठला. दाढी वाढलेली, तोच लाजरा हसरा चेहरा. "नको भिया. वकिलानं मना केलं हाय. आता तू बोलला तं दोघंबी फसू. तुही पेन्शन जाईन. माह्यं काय, मी जाऊन येतो तारखेले. कायले जीव जाळतो? बस खाली."

मला वाटलं, सर म्हणतील, मी ऐकणार नाही. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं सगळं विसरायला तयार होते. काजल पाण्याचा पेला घेऊन पुढं आली. "सर, पानी."

सरांनी पेला घेतला. एका दमात पाणी प्याले, पेला परत दिला, आणि ओट्यावर परसरामनं करून दिलेल्या जागेवर बसले. बसताना त्यांच्या तोंडावर एकदम सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते मला दिसलं. परसरामलाही दिसलं असावं, कारण आमची नजरानजर झाली, आणि आम्ही दोघांनीही घाईघाईनं मुलींच्या टोपल्यांकडं बघितलं.